कपडा घेताना उलटा करून बघा

परभणीत माझं शिलाईचं काम आहे. नवे कपडे शिवतेच, पण तितकंच काम दुरुस्तीचं असतं: काखेत उसवलेली कुर्ती, चेन गेलेली पँट, अंगाला घट्ट झालेलं ब्लाउज. त्यामुळं कोणता कपडा वर्षानुवर्षं अंगावर राहतो आणि कोणता चार धुण्यांत पोतेऱ्याला जातो, हे रोज हातातनं जातं. पर्यावरणाला धरून कपडे घ्यायचे म्हटलं की कॉलेजातल्या पोरींना महागडे ऑनलाइन ब्रँड आठवतात आणि त्या तो विषयच सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कमी पैशात हे चांगलं जमतं.

सुरुवात घरच्या ट्रंकेपासून करा. लग्नसराई संपली की घरोघरी आहेराच्या साड्यांची एक पिशवी तयार होते, आणि त्यातल्या निम्म्या पुढच्या लग्नात दुसऱ्याला जातात. ती पिशवी ओता आणि सुती साड्या बाजूला काढा. साडी साडेपाच मीटरची, कुर्त्याला अडीच मीटर लागतं. म्हणजे एका साडीत दोन कुर्ते निघतात. आईची नेसून विरलेली साडी असली तरी ती सगळीकडं सारखी विरत नाही, बसण्याच्या जागी आणि खालच्या काठाला आधी जाते. निऱ्यांचा आणि पदराचा भाग धड असतो, त्यात लेकराचं झबलं, फ्रॉक आरामात बसतो. कापड उजेडासमोर ताणून धरा. आडवेउभे धागे सरकून जाळी दिसली तर तो भाग अंगावरच्या कपड्याला वापरू नका, वाकळीत घाला.

आता विकत घेण्याचं. तयार कपडा हातात आला की समोरून बघून झाल्यावर तो उलटा करा. दुकानदार बघत असला तरी करा. पहिल्यांदा बाजूच्या शिवणीचा दाब बघायचा, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. ते पाऊण-एक इंच असेल तर अंग वाढलं, बाळंतपण झालं, तरी कपडा सैल करता येतो. स्वस्त कुर्तीत कापडाची कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉकच्या टाक्याला लागूनच कापड कापलेलं असतं. ती घट्ट झाली की माझ्याही हातात काही उरत नाही, वेगळं कापड जोडून कळी घालावी लागते. मग शिवणीच्या दोन्ही बाजूला बोटं धरून हलकं ओढा. टाक्यांमधून फट दिसली तर ती शिवण महिनाभरात सुटणार. एका इंचात दहा-बारा टाके असले की शिवण भक्कम, सहा-सात असले तर घाईत उरकलेली. काखेची शिवण आणि खिशाचे कोपरे नक्की तपासा, दुरुस्तीला सगळ्यात जास्त तेच येतात. पँटच्या, फ्रॉकच्या खालच्या दुमडीत दोन इंच कापड असेल तर लेकराला तो कपडा आणखी एक वर्ष जातो.

दुकानात ‘कॉटन आहे ताई’ म्हणून सांगितलेलं कापड दर वेळी सुती निघतंच असं नाही. मूठभर कापड घट्ट आवळून सोडा. सुतीला चुण्या पडतात, पॉलिस्टर लगेच सरळ होतं. खात्री घरी करता येते: आतल्या दाबातले दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि राख बोटानं चुरली की भुकटी होते. पॉलिस्टर आक्रसून वितळतं आणि काळा कडक मणी राहतो. दोन्ही झालं तर मिश्र कापड. पॉलिस्टर खनिज तेलापासून बनतं आणि प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक प्लास्टिकचे तंतू पाण्यात जातात, शिवाय आपल्या मे महिन्यात ते अंगाला चिकटून घामोळं उठतं. पण घरात असलेली टेरिकॉटची, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्र कापडाची, पँट एवढ्यासाठी फेकू नका. ती दहा वर्षं चालते, चालू द्या.

‘ऑर्गॅनिक’ असं नुसतं छापलेलं असेल तर त्यासाठी दहा रुपयेही जास्त देऊ नका. जीओटीएसचं, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचं, लेबल असेल तर गोष्ट वेगळी. त्यात ‘ऑर्गॅनिक’ म्हणायला किमान 95 टक्के सेंद्रिय धागा लागतो, ‘सेंद्रिय धाग्यापासून बनवलेलं’ म्हणायला 70 टक्के. असे कपडे आपल्या बाजारात महागच पडतात.

माझ्या मते आपल्या खिशाला सगळ्यात परवडणारा मार्ग म्हणजे खादी भांडारातून कापड घेऊन शिवून घेणं. खादी हातानं कातलेली आणि हातानंच विणलेली असते. मिलच्या जाड्याभरड्या कापडाला खादी म्हणून विकतात, म्हणून खादी मार्क, म्हणजे खादी आयोगाचा अस्सलपणाचा शिक्का, बघून घ्या. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे तिरंगे देशभर जातात, त्याचं कापड उदगीरला विणलं जातं. आपला कोरडवाहू कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि कपडा होऊन महाग परत येतो. इथल्याच हातांनी विणलेलं काही मिळत असेल तर ते आधी घ्यावं असं मला मनापासून वाटतं. 2 ऑक्टोबरच्या सुमारास खादीवर सूट असते, वर्षाचं कापड तेव्हाच घ्या. मीटर सांगण्याआधी पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. 36 इंची पन्ना असेल तर 44 इंचीपेक्षा जास्त कापड लागतं. आणि कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात कुर्ता आटतो आणि दोष शिलाईला लागतो.

तयार कपड्यांसाठी आखाड आणि पितृपक्ष हे भाव करायचे दिवस. गिऱ्हाईक नसतं, दुकानदार ऐकतो. सोयाबीनचा पैसा हातात आला आणि दिवाळी तोंडावर आली की कुणी ऐकत नाही.

रंग निवडताना आपल्या पाण्याचा विचार करा. बोअरच्या जड पाण्यात पांढरं कापड पिवळं पडतं, साबणाला फेस येत नाही आणि खळबळायला दुप्पट बादल्या लागतात. टँकरवर दिवस काढणाऱ्या गल्लीत ही चैन नको. राखाडी, खाकी, निळा, मातकट रंग घ्या. गडद रंग घ्यायचा असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालानं आतल्या बाजूला घासून बघा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा बाकीचे कपडेही खराब करणार. उन्हात वाळत घालताना उलटा घाला, रंग जास्त टिकतो.

शिंप्याकडं टाकताना दोन गोष्टी तोंडानं सांगा, सांगितल्याशिवाय कुणी करत नाही: ‘बाजूला इंचभर दाब सोडा’ आणि ‘उरलेलं कापड परत द्या’. ते तुकडे गुंडाळून त्याच कपड्यासोबत ठेवा. पुढं काखेत ठिगळ लावायचं झालं की त्याच रंगाचं, त्याच विणीचं कापड बाजारात सापडत नाही. आणि कपडा अगदीच गेला, बोहारणीलाही नको झाला, तर वाकळीला देण्याआधी चेन, हूक आणि बटणं काढून डबीत टाका. चांगली चेन दुसऱ्या पँटला बसते, तुम्हाला फक्त शिलाई पडते.