भाटघरच्या काठावर सात दिवस: गळाच्या मासेमारीची नीट तयारी

भाटघर धरणाच्या एकाच काठावर आठवडाभर मुक्काम करायचा असेल तर पहिले दोन दिवस मासा लागण्याची अपेक्षा सोडा. ते दिवस जागा शोधण्याचे आणि तिथं चारा टाकून मासा सवयीचा करण्याचे. एका दिवसासाठी जाणाऱ्याला हे करता येत नाही, म्हणून तो सारखी जागा बदलत राहतो. तुमच्या हाती सात दिवस आहेत, त्यांचा खरा उपयोग इथंच होतो.

जायचं फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं, मासा खोलात सुस्त पडून राहतो आणि दहा वाजेपर्यंत गळाकडे फिरकत नाही. पावसाळा तर सोडूनच द्या, तो रोहू-कटल्याच्या विणीचा काळ आणि चिखलात पाय घसरण्याचाही. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यानं कापूरहोळ, तिथून आत वळून भोर. वेळवंडी नदीवरच्या या जलाशयाचं पाणी पुढं नीरेच्या कालव्यांना जातं, त्यामुळे आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक पाळीचं पाणी, सुटलं की काठ मागं सरकतो. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

खोली ठरवताना पाण्यापासूनचं अंतर विचारा, आणि ते आत्ताचं विचारा. दिवाळीत दारात असलेलं पाणी मार्चमध्ये बरंच लांब गेलेलं असतं. परवानगीचंही आधीच बघा. धरणांमधली मासेमारी ठेक्यानं दिलेली असते, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला. संस्थेच्या माणसाला भेटा, शुल्क असेल तर भरून पावती घ्या, आणि त्यांची जाळी कुठं लावलेली आहेत ते विचारा. रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले की खाली जाळं आहे असं समजा. तिथं गळ टाकू नका, ते कोणाचं तरी पोट आहे.

सामान: आठ-नऊ फुटी दोन काठ्या, दोन रीळ, प्रत्येकावर ०.३५ मिमीचा दीडशे मीटर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा. शिसं ४० ते ६० ग्रॅमचं, तंगुसावर सरकणारं. त्याखाली मणी, मग फिरकी (दोऱ्याला पीळ पडू न देणारी कडी), मग वीतभर दोरा आणि गळ. शिसं मुख्य तंगुसात थेट ओवू नका. ०.२२ मिमीच्या कच्च्या दोऱ्याचा तुकडा वापरून ते सरकत्या कडीला बांधा. पाण्याखाली बुडालेले बांध आणि झाडांचे बुंधे आहेत, शिसं अडकणारच. मग तेवढा दोरा तुटतो आणि मासा हातात राहतो. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी ओढली तर घर्षणानं नायलॉन तापतो, कमजोर होतो, आणि मोठा मासा नेमका तिथंच तोडून जातो. रीळाचा ब्रेक साध्या ताणकाट्यावर तपासा: आठ किलोपर्यंत ताण सोसणाऱ्या तंगुसाला अडीच किलोच्या ओढीवर रीळ सुटलं पाहिजे.

पहिल्या दिवशी गळ न लावता नुसतं शिसं फेका आणि तळ चाचपा. शिसं टणकन आपटलं तर मुरूम किंवा खडक, ओढताना चिकटलं तर गाळ. हवी ती जागा म्हणजे उतार संपून सहा ते दहा फुटांवर सपाटी लागते ती, शक्यतो जुन्या ओढ्याच्या किंवा बांधाच्या कडेला. दोन जागा सारख्या वाटल्या तर वारा ज्या काठावर येऊन आदळतो ती घ्या, कारण पाण्यातलं बारीक खाद्य वाऱ्याबरोबर त्या बाजूला साचतं. काठाशी एक काडी रोवून ठेवा. आवर्तनामुळे पाणी हटलं तर ते काडीवरून कळेल, आणि तितकाच चारा आत सरकवावा लागेल.

चाऱ्यासाठी भाताचा कोंडा भोरच्या गिरणीत मिळतो. दोन किलो कोंडा, चार तास भिजवलेली अर्धा किलो शेंगदाणा पेंड, अर्धा किलो उकडलेला मका आणि मूठभर भाजून कुटलेली मेथी. यात एक किलो लाल माती कालवा म्हणजे गोळा फुटण्याआधी तळाला पोचतो. मका रात्रभर भिजवून मऊ शिजवलाच पाहिजे, कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो. पहिल्या संध्याकाळी संत्र्याएवढे पंधरा गोळे, नंतर रोज सकाळ-संध्याकाळ सहा-सहा. मासा येत नाही म्हणून चारा वाढवत जाणं ही सर्वात मोठी चूक. न खाल्लेला कोंडा तळाशी आंबतो आणि मग मासा त्या जागेला फिरकत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे गळ टाका. कोणता मासा हवा त्यावर खोली ठरते. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात खातो. त्याला तरंगीखाली तीन-चार फुटांवर आमिष. रोहू मधल्या पाण्यात. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी, तिथं शिसं लागतं. आमिष: पाव किलो कणीक, शंभर ग्रॅम बारीक पेंड, थोडा गूळ, भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट मळलेलं. त्यात कापसाचे धागे मळा, नाहीतर फेकताच गोळी गळावरून निघून जाते. चिलापी (तिलापिया) सारखी टोचून आमिष पळवत असेल तर कणीक सोडून उकडलेल्या मक्याचे दोन दाणे लावा. गांडूळ लावलं तर चिलापी आणखी वाढेल. काठी जमिनीत रोवून ब्रेक सैल ठेवा. घट्ट ठेवून जेवायला गेलं की काठीच पाण्यात जाते.

महसीर लागला तर तो परत सोडायचा. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून साइक्स या ब्रिटिश अधिकारी-निसर्गअभ्यासकानं १८३९ साली या जातीचं वर्णन केलं. ‘टॉर खुद्री’ या शास्त्रीय नावातलं ‘खुद्री’ हे इथल्याच बोलीतलं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवर वर्षानुवर्षं त्याचं बीज तयार करतं. हात ओले करा, मासा पाण्यातच धरून गळ काढा, आणि तो स्वतःच्या बळावर पोहत जाईपर्यंत शेपटीशी आधार द्या.

खाण्यापुरतेच मासे ठेवा. मार्चच्या उन्हात बर्फाविना मासा काही तासांतच खराब होतो, म्हणून लगेच कल्ले आणि आतडी काढा. पाण्यात उतरू नका, वरून घट्ट दिसणारा गाळ मांडीपर्यंत गिळतो. होडीत बसायचं तर जॅकेट घालूनच. गळ बोटात रुतला तर मागं ओढू नका. टोक पुढं बाहेर काढून काटा पकडीनं कापा, मग उरलेला मागं घ्या. नंतर भोरच्या सरकारी रुग्णालयात धनुर्वाताचं इंजेक्शन. डोळ्याजवळ रुतला असेल तर हात न लावता तसंच गाठा.

सातव्या दिवशी चारा टाकू नका, सकाळी फक्त गळ टाका. तळातलं खाद्य संपत आलेलं असतं आणि मोठा मासा बऱ्याचदा याच सकाळी आमिषावर येतो. निघण्याआधी काठावरचे तंगुसाचे तुकडे वेचून पिशवीत घ्या. बगळ्यांचे पाय त्यात अडकतात.