तुडतुडा मोहोरावर शोधू नका, आधी खोडावर बघा

थंडी लागली की आपण सगळे मान वर करून आंब्याला मोहोर कधी येतो ते बघत बसतो. पण तुडतुडा, म्हणजे मोहोराचा रस शोषणारा बारका किडा, तेव्हा वर नसतोच, तो खोडाच्या सालीच्या भेगांत आणि दाट फांद्यांच्या सावलीत बसलेला असतो, कोवळं फुटलं की वर येतो. सकाळी जाऊन खोडावर दोनचार थापा मारून बघा, भुरकट, पाचरीसारखे, जेमतेम ४-५ मिमीचे किडे तिरपे पळत सालीच्या मागे जातात नाहीतर उडून तोंडावर येतात. जास्त झाले असले तर पानांत तडतड आवाज पण येतो.

मादी मोहोराच्या दांड्यात आणि कोवळ्या पानांच्या शिरेत अंडी घालते, आठवडाभरात पिल्लं बाहेर, आणि मग मोठे-बारके सगळे मिळून रस शोषतात, मोहोर सुकतो, वाटाण्याएवढी कणी गळते. वर त्यांची ती चिकट साखरपाण्यासारखी घाण पानावर पडते, उन्हात पानं वार्निश मारल्यासारखी चमकतात (बघायला छान वाटतं, खरं म्हणजे गेलीच), त्यावर काळी बुरशी चढते, आपण खार पडला म्हणतो तो हाच. कलमाखाली गाडी लावली आणि काच चिकट झाली तर समजून जा. मळभ आलं की तर हे भराभर वाढतात.

पहिली फवारणी मोहोर यायच्या आधी, डेल्टामेथ्रिन २.८ टक्के, १० लिटर पाण्याला ९ मिली, आणि ती खोडापासून शेंड्यापर्यंत. मी एका वर्षी घाईत नुसता वरचा पसारा भिजवला, खोड कोरडंच राहिलं, पंधरा दिवसांत परत तेवढेच तुडतुडे, औषध आणि मजुरी दोन्ही फुकट. नंतर मोहोरावर दिसले तर इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, १० लिटरला ३ मिली. तेच तेच औषध दर वेळी मारू नका, किडा सरावतो. आणि फुलं पूर्ण उमललेली असताना शक्यतो पंप काढूच नका, माश्या-मधमाश्या मेल्या तर फळधारणा कोण करणार? अगदीच मारावं लागलं तर संध्याकाळी, त्या परतल्यावर. डब्यावरचं लेबल वाचा, तोंडाला फडकं बांधा.

ज्या बागेत फांदीत फांदी घुसलीय, ऊन खाली येतच नाही, तिथे कितीही मारा, तो परत येणार. काढणी झाली की मधल्या दाट फांद्या विरळ करून घ्या, यंदा राहिलं असेल तर निदान सुकी काटकी तरी आत्ताच काढा.