सीआरओची काळी क्लिप कुठे लावायची

जुना, दोन चॅनेलचा, २० मेगाहर्ट्झचा सीआरओ, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, मिळाला तर घेऊन टाका. चार्जर, यूपीएस, टीव्हीचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) यांच्या दुरुस्तीला तो पुष्कळ झाला. ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेघ, बारीक आणि स्थिर येतो का बघा. प्रोब (मोजायची वायर) १०एक्सवर, म्हणजे व्होल्टेज दहापट कमी करून दाखवणाऱ्या खुणेवर, ठेवून पुढच्या कॅलच्या खिळ्याला अडकवा आणि चौकोनी लाटेचे कोपरे सरळ होईपर्यंत प्रोबवरचा बारीक स्क्रू फिरवा. झालं.

गोम आहे ती प्रोबच्या काळ्या क्लिपमध्ये. मल्टिमीटरची काळी वायर आपण कुठेही टेकवतो, कारण मीटर सेलवर चालतो. सीआरओचं तसं नाही. त्याची काळी क्लिप, बाहेरची बॉडी आणि थ्री-पिनची अर्थिंग आतून एकच असतात. म्हणजे क्लिप जिथे लावाल ती जागा तुम्ही थेट जमिनीला जोडता.

बेळगावच्या उद्यमबागेत नवा होतो तेव्हा एका चार्जरच्या मोठ्या कपॅसिटरच्या निगेटिव्हला मी क्लिप लावली. निगेटिव्ह म्हणजे ग्राउंडच, असा समज. पण २३० व्होल्ट थेट ब्रिजमध्ये (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडमध्ये) जातात तिथे तो निगेटिव्ह एक सोडून एक अर्ध्या सायकलला डायोडमधून फेजला जोडलेला असतो. मोठा आवाज झाला. ब्रिज उडाला, पीसीबीचा ट्रॅक उडाला, क्लिपचं टोक वितळलं.

तिथल्या मिस्त्रीकाकांनी उपाय सांगितला, "सीआरओची अर्थिंग पिनच काढून टाक की. मी वीस वर्षं तसंच करतोय, खरं काय झालं नाही बघ." मी ऐकलं, आणि आवाज खरंच बंद झाला. मग एकदा डावा हात लोखंडी टेबलावर असताना उजव्या हाताने सीआरओचा नॉब धरायला गेलो आणि बोट शेजारच्या बीएनसीच्या, म्हणजे प्रोब जोडायच्या सॉकेटच्या, कड्याला लागलं. पिन काढली की सीआरओची सगळी बॉडीच त्या निगेटिव्हसोबत तरंगते, आणि २३० व्होल्टची शिखरं ३२५ व्होल्टपर्यंत जातात. हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. देणारा वयाने कितीही मोठा असो, मानू नका.

मग करायचं काय? दोन्ही प्रोब १०एक्सवर, दोन्ही चॅनेलचं व्होल्ट प्रति घर सारखं. दोन्ही काळ्या क्लिप एकमेकींना अडकवा, सर्किटला एकही लावू नका. एका प्रोबचं टोक मॉस्फेटच्या (सप्लाय चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) ड्रेन पायाला, दुसऱ्याचं सोर्स पायाला. चॅनेल दोन इन्व्हर्ट करून अ‍ॅड दाबा. पडद्यावर फक्त फरक उरतो. दोन्ही ट्रेस आधी वेगवेगळे बघून घ्या. एखादा पडद्याबाहेर कापला जात असेल तर वजाबाकी खोटी येते. प्रोबवर छापलेली व्होल्टची मर्यादाही वाचा. एसएमपीएसचा ड्रेन ३२५ च्या बराच वर उडतो.

रोजचंच काम असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, म्हणजे दोन वेगळ्या वायंडिंगमुळे सर्किट मेनपासून तोडणारा. नवा महाग वाटला तर भंगारातून मशीनच्या पॅनेलमधले २३०/११० चे दोन सारखे कंट्रोल ट्रान्सफॉर्मर आणा आणि ११० च्या बाजू एकमेकींना जोडा. व्होल्टेज थोडं कमी मिळेल, चालतं. मात्र व्होल्टेज कमी-जास्त करायचा डिमरस्टॅट म्हणजे आयसोलेशन नव्हे. त्यात वायंडिंग एकच असतं. आणि ट्रान्सफॉर्मरवर चालवायचं ते दुरुस्तीचं सर्किट, सीआरओ नाही. क्लिप एकदा लावली की ते सर्किट पुन्हा अर्थला बांधलं गेलं, म्हणून दुसरा हात खिशात.

घरच्या सॉकेटची अर्थिंगही तपासा. फेज-अर्थ फेज-न्यूट्रलइतकंच यायला हवं आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आसपास. शहापूर, वडगावच्या जुन्या घरांत तिसरं भोक कधीकधी नुसतं शोभेचं असतं. आपल्याकडे पावसाळ्यात माती ओली असते, तेव्हा अर्थिंगचा खड्डा ठीक वाटतो. म्हणून एप्रिलमध्ये पुन्हा मोजा.

डिप्लोमा करून नोकरीला येणाऱ्या पोरांना मी सीआरओचे नॉब विचारत नाही. एसएमपीएसचा बोर्ड पुढे ठेवतो आणि क्लिप कुठे लावणार एवढंच विचारतो. "आधी स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) दाखवा" म्हणणारा लगेच घेतो.

काम संपलं की आधी सप्लाय काढा. मोठ्या कपॅसिटरवर १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून दहा सेकंद थांबा, मीटरने शून्य बघा आणि मगच प्रोब काढा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी उडवणारे बरेच भेटतील. त्यांच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक एकदा निरखून बघा.