सवाईला पुण्यात येताय? सकाळ पेठांसाठी राखून ठेवा

डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला बाहेरगावाहून येणार असाल, तर शहर बघायचं ते सकाळी. सवाई बहुतेक दिवशी दुपारीच सुरू होतो आणि पहिल्या गायकाला चुकवणं म्हणजे दुपारचे राग चुकवणं. रागांच्या गायच्या वेळा ठरलेल्या असतात, संध्याकाळनंतर दुपारचे राग कोण गाणार? १९५३ साली भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. तिथे तरुण कलाकारही जीव ओतून गातात.

शनिवारवाडा उघडल्या उघडल्या गाठा. १८२८च्या आगीत आतले महाल गेले, पण दिल्ली दरवाज्याचे टोकदार खिळे अजून तसेच आहेत. दरवाज्यावरच्या नगारखान्याकडेही मान वर करून नीट बघा. तिथून बाजीराव रस्त्याने चालत विश्रामबागवाडा, पुढे राजा दिनकर केळकर संग्रहालय. वेळ कमी असेल तर बाकी दालनं भरभर पाहा, वाद्यांच्या दालनात मात्र रेंगाळा. तिथली जुनी तंतुवाद्यं पाहून मंडपात गेलात, की मागे बसलेल्या तानपुऱ्याकडे तुमचं लक्ष आपोआप जाईल. गाडी नकोच, पेठांत पार्किंग मिळत नाही.

भारतीय बैठकीचं तिकीट घेतलंत तर पातळ उशी किंवा घडीची सतरंजी न्या. शाल हवीच, मंडपात रात्री चांगलाच गारठा असतो. आणि आलाप चालू असताना उठू नका, जायचंच असेल तर दोन कलाकारांच्या मधल्या वेळात जा.