चार डॉक्टर, एक क्लिनिक: पेशंट रेकॉर्डचं सॉफ्टवेअर कसं निवडायचं

पुण्यात सिंहगड रोडला आमचं चार डॉक्टरांचं पॉलीक्लिनिक आहे, फिजिशियन, हाडांचे, लहान मुलांचे आणि गायनॅक मॅडम, आणि त्याचं ऑफिस मी सांभाळते. पहिलं सॉफ्टवेअर आम्ही घाईत घेतलं आणि पस्तावलो, दुसरं नीट बघून घेतलं, तेव्हापासून ओळखीत कोणी नवीन क्लिनिक काढलं की मला फोन येतो. फोनवर जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी कशासाठी हवंय ते ठरवा

एकट्या डॉक्टरचं काम प्रिस्क्रिप्शन आणि बिल निघालं तरी भागतं, ग्रुपचं तसं नाही. आमच्याकडचंच सांगते, कागदी केसपेपर होते तेव्हाचं. सत्तरीच्या एक आजी गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या सरांकडे आल्या, सरांनी पेनकिलर लिहिली, आजी चिठ्ठी घेऊन बिलाला काउंटरवर आल्या आणि मला एकदम आठवलं की दोनच दिवसांपूर्वी यांचा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचा रिपोर्ट मीच फिजिशियनच्या कपाटातल्या फाइलला लावलाय, 2.1 म्हणजे जास्त आला होता. मी तशीच आत गेले, सरांनी लगेच गोळी बदलली. किडनी अशी असताना ती पेनकिलर नको होती. पण त्या दिवशी मी सुट्टीवर असते तर? पेशंट एकच, पण केसपेपर दोन आणि कपाटंही दोन.

म्हणून पहिली अट हीच ठेवा: एका पेशंटची एकच फाइल, आणि कुठल्याही डॉक्टरने ती उघडली की ॲलर्जी, चालू गोळ्या, शुगर-किडनीचे शेवटचे आकडे वरच दिसले पाहिजेत, चार क्लिक करून नाही. हे ज्यात नाही ते सॉफ्टवेअर बाकी कितीही देखणं असलं तरी सोडून द्या.

एक आठवडा काउंटरवर वही ठेवा

कुठल्याही कंपनीला बोलवायच्या आधी हे करा. पेशंट आल्यापासून जाईपर्यंत कुठे किती वेळ जातो ते रिसेप्शनच्या मुलींना नुसतं टिपून ठेवायला सांगा. आम्हाला वाटायचं बिलिंगला वेळ लागतो, निघालं भलतंच, सगळा वेळ जुना पेशंट शोधण्यात जात होता. इंग्रजीत नाव टाइप करताना चव्हाणांचं स्पेलिंग एक जण एक लिहिते, दुसरी दुसरं, आणि कधी 'सुमन' तर कधी 'सुमनताई', झाल्या एकाच बाईच्या तीन फाइल्स. शिवाय अख्ख्या घराचा मोबाइल नंबर मुलाचा असतो, नंबर टाकला की आजी, आजोबा, सून आणि दोन नातवंडं सगळी एकदम समोर येतात. त्यामुळे सर्चमध्ये वय आणि जमलं तर फोटो दिसतो का, आणि चुकून दोन फाइल्स झाल्या तर त्या एकत्र करता येतात का, हे नक्की विचारा. आभाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा 14 आकडी नंबर असेल तर ओळख पक्की होते, पण तो सगळ्यांकडे नसतो.

डेमो तुमच्या क्लिनिकमध्ये, तोही सोमवारी संध्याकाळी

सेल्सवाला स्वतःच्या लॅपटॉपवर दाखवतो तेव्हा सगळं झटपटच चालतं. त्याला सोमवारी सात वाजता, बाकडी भरलेली असताना बोलवा, तुमचाच कॉम्प्युटर आणि तुमचाच प्रिंटर वापरायला सांगा आणि टायपिंग सगळ्यात हळू असलेल्या डॉक्टरांना त्यावर बसवा. नेहमीच्या बीपीच्या पेशंटला मागच्याच गोळ्या परत लिहून द्यायला मिनिटाच्या वर लागत असेल तर महिन्याभरात ते डॉक्टर परत कागदावर येणार हे धरून चाला.

प्रत्येक डॉक्टरने आपापल्या कामाचं वेगळं तपासायचं. लहान मुलांच्या डॉक्टरांना वजन-उंचीचा ग्रोथ चार्ट आणि लसींचं वेळापत्रक हवं, गायनॅकला पाळीची तारीख टाकली की डिलिव्हरीची अंदाजे तारीख आपोआप यायला हवी, हाडांच्या सरांना एक्स-रे फाइलला जोडता यायला हवा. सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटीचा (गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याचा) फॉर्म एफ निघतो का तेही बघा.

मग चिठ्ठी छापून बघा. औषधाचं जेनेरिक नाव स्वच्छ, शक्यतो कॅपिटल अक्षरांत असावं असं मेडिकल कौन्सिलच्या नियमात आहे, ते बहुतेक जमतं. अडतं ते मराठीवर. आमच्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये 'रात्री' आणि 'संध्याकाळी' यांतली जोडाक्षरं प्रिंटरवर तुटून यायची, स्क्रीनवर बरोबर दिसायची आणि कागदावर काही वाचता यायचं नाही. आजीआजोबा ती चिठ्ठी घरी नेऊन 1-0-1 चा अर्थ शेजाऱ्यांना विचारत बसतात, म्हणून 'सकाळी जेवणानंतर एक' असं मोठ्या अक्षरात स्वच्छ छापून आलंच पाहिजे. मी तर म्हणेन यावर अजिबात तडजोड करू नका.

डेटा बाहेर कसा येतो ते घेण्याआधीच बघा

इथे आम्ही सगळ्यात जास्त पोळलो. पहिल्या कंपनीने दुसऱ्या वर्षी रेट वाढवले, आम्ही सोडतो म्हणालो, तर आमचा डेटा म्हणून त्यांनी हजारो पीडीएफ असलेली एक हार्ड डिस्क पाठवली, फाइलचं नाव म्हणजे नुसता आकडा. कुठली फाइल कोणाची हे उघडून बघितल्याशिवाय कळत नव्हतं. दोन मुली कित्येक रविवार बसून नावं टाकत होत्या.

त्यामुळे डेमोच्या दिवशीच दहा खोट्या पेशंटची माहिती भरा आणि म्हणा, आता सगळं बाहेर काढून दाखवा. पेशंट, व्हिजिट, औषधं, रिपोर्ट असे वेगवेगळे तक्ते एक्सेलमध्ये उघडतील असे मिळाले पाहिजेत, आणि स्कॅन केलेले कागद पेशंटच्या नंबरसकट. सोडून जाताना हे सगळं किती दिवसांत आणि किती पैशांत मिळणार हे करारात लिहून घ्या, तोंडी नको.

याच्याच जोडीला स्टँडर्डचं विचारा, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येईल अशा ठरलेल्या पद्धतीत रेकॉर्ड ठेवतात का. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ईएचआर, म्हणजे डिजिटल पेशंट रेकॉर्डची स्टँडर्ड 2013 मध्ये काढली आणि 2016 मध्ये सुधारली, त्याचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेत आहे. आजारांच्या नावांसाठी स्नोमेड सीटी नावाची कोडची पद्धत आहे, भारतात ती वापरायला लायसन्सचे पैसे पडत नाहीत, म्हणजे त्यासाठी कोणी जादा पैसे मागितले तर कशाचे ते विचारा. आभा ज्यातून आलं त्या केंद्राच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी सॉफ्टवेअर जोडायचे तीन टप्पे असतात: एम1 म्हणजे आभा नंबर काढणं आणि तपासणं, एम2 म्हणजे आपल्याकडचं रेकॉर्ड पेशंटच्या आभाला जोडणं, एम3 म्हणजे पेशंटच्या परवानगीने दुसरीकडचं रेकॉर्ड बघणं. 'आम्ही आभा रेडी आहोत' एवढ्यावर थांबू नका, तिन्हींपैकी काय काय पूर्ण झालंय ते विचारा.

कोणाला काय दिसतं

प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, एकच पासवर्ड सगळ्यांनी वापरायचा नाही. गायनॅक मॅडमच्या नोट्स काउंटरवरच्या मुलीला दिसायचं काही कारण नाही. कोणी कधी काय उघडलं, काय बदललं याची नोंद राहते का आणि ती पुसता येत नाही ना, हे तपासा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षा नीट ठेवली नाही तर 250 कोटींपर्यंत दंड आहे, आणि पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्यायचा नियम 2002 पासून आहे, म्हणजे एका बटणावर पूर्ण फाइल निघायला हवी.

लाइट आणि नेट

गुरुवारी महावितरणची कामं निघतात आणि लाइट जातात, हे पुण्यात कोणाला सांगायला नको. क्लाउडवरचं, म्हणजे डेटा कंपनीच्या सर्व्हरवर आणि नेटवरून चालणारं घेणार असाल तर नेट गेल्यावर निदान आजच्या पेशंटच्या फाइल्स उघडतात का ते डेमोमध्ये वायर काढून बघा. राउटरलाही यूपीएस लावा आणि दुसरी लाइन वेगळ्या कंपनीची घ्या. सर्व्हर क्लिनिकमध्येच ठेवणार असाल तर बॅकअप रोज कोण घेणार त्याचं नाव ठरवा आणि एक कॉपी क्लिनिकच्या बाहेर ठेवा.

पैसे

महिन्याचा रेट ऐकून ठरवू नका, पाच वर्षांचा हिशोब मांडा. दर डॉक्टरमागे वेगळे, व्हॉट्सॲप-एसएमएसचे वेगळे, ट्रेनिंगचे वेगळे असं निघत जातं, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि डॉक्टरी सेवेला जीएसटी माफ असल्यामुळे त्याचं क्रेडिट (भरलेला कर वळता करून घेणं) आपल्याला मिळत नाही, तो खर्चच धरायचा. कुठल्या डॉक्टरची किती फी जमली आणि कोणाचा किती वाटा, हे महिनाअखेर आपोआप निघतं का तेही बघा, भागीदारीत कुरबुरी यावरूनच सुरू होतात.

कंपनी ज्या क्लिनिकची नावं देते तिथे स्वतः जा आणि डॉक्टरांपेक्षा रिसेप्शनिस्टशी बोला. दिवसभर ते वापरते ती, त्यामुळे खरं काय ते ती सांगते.

सुरू करताना

डेंग्यूच्या सीझनमध्ये अजिबात नको. आधी एकाच डॉक्टरची ओपीडी दोन आठवडे चालवा, मग बाकीच्यांची. जुने केसपेपर सगळे स्कॅन करत बसू नका, पेशंट येईल तसा त्याचा फक्त सारांश भरा: आजार, ॲलर्जी, चालू गोळ्या, शेवटचे रिपोर्ट. कागद लगेच रद्दीत घालायचे नाहीत, ॲडमिट पेशंटचे तर निदान 3 वर्षं ठेवावेच लागतात आणि कोर्टाची केस असेल तर ती संपेपर्यंत. आणि काउंटरच्या खणात नंबर घातलेल्या छापील केसपेपरचं एक पॅड कायम ठेवा, लाइट गेले की त्यावर लिहायचं आणि त्याच रात्री क्लिनिक बंद करायच्या आधी सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरून पानावर टिक करायची, आमच्याकडे ते काम ज्या मुलीची शेवटची शिफ्ट असते तिचं.