धरणातलं पाणी १५ जुलैपर्यंत पुरेल का? हिशेब असा मांडा

पुण्याला पाणी पुरवणाऱ्या चार धरणांच्या साखळीतलं खडकवासला शंभर टक्के भरलं, एवढ्या बातमीवर निर्धास्त होऊ नका. त्याचा उपयुक्त साठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठीचं पाणी, जेमतेम १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट). पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, चारही मिळून २९.१५. एकटं खडकवासला काठोकाठ भरलं तरी साखळीतले सात टक्केसुद्धा होत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात पानशेत-वरसगावमधून पाणी खाली सोडलं की खडकवासल्याची पातळी चढते, पण साखळीत थेंबाचीही भर पडलेली नसते. म्हणून आकडा घ्यायचा तो चारही धरणांच्या एकत्रित उपयुक्त साठ्याचा, आणि टीएमसीमध्येच.

पुढे दोन भाजक पाठ असले की पुरे. शहराची रोजची उचल दशलक्ष लिटरमध्ये असते. तिला दिवसांनी गुणून २८,३१७ ने भागा. कालव्याचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) असतो. त्याला दिवसांनी गुणून ११,५७४ ने भागा. दोन्हीकडे उत्तर टीएमसीत येतं.

उदाहरणादाखल १ मार्चला १४ टीएमसी शिल्लक आहे असं धरू. १५ जुलैपर्यंत १३७ दिवस. रोज १,५०० दशलक्ष लिटर उचल धरली तर शहराला ७.३ टीएमसी लागेल. बाष्पीभवन आणि गळतीसाठी १ टीएमसी बाजूला काढा. उरले ५.७. कालव्यातून १,१०० क्युसेकने ४० दिवस आवर्तन (शेतीसाठी ठरावीक काळ पाणी सोडणं) चाललं तर ३.८ जातात आणि हाती १.९ राहतात. तेच आवर्तन आणखी २० दिवस लांबलं की शिल्लक शून्य, आणि मग पाऊस वेळेवर येण्यावरच सगळी भिस्त. आवर्तन म्हणजे उधळपट्टी नव्हे. दौंड-इंदापूरची उभी पिकं त्याच पाण्यावर जगतात. ते पहिल्यापासून हिशेबात धरायलाच हवं. कपातही मार्चमध्येच सुरू झालेली बरी: रोजची उचल १० टक्क्यांनी कमी केली तर १३७ दिवसांत ०.७३ टीएमसी वाचतं, मेअखेरीस सुरू केली तर त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा.

पातळीच्या मीटरवरून साठ्याचा अंदाज बांधू नका. दरी वर रुंद होत जाते, त्यामुळे वरच्या एका मीटरमध्ये तळाच्या मीटरपेक्षा कितीतरी जास्त पाणी मावतं.

भीमा नदीवरच्या उजनी धरणाचा आकडा वेगळ्या पद्धतीने वाचावा लागतो. तिथे सुमारे ११७ टीएमसीपैकी ६३.६६ मृतसाठा (उपयुक्त साठ्याच्या खालचं, तळाचं पाणी), उपयुक्त फक्त ५३.५७. 'वजा २० टक्के' म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं १०.७ टीएमसी वापरलं गेलं; तळाशी अजून ५३ टीएमसीच्या आसपास आहे.

पाऊस लागला की येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, स्वतः काढता येतो. वरसगावचा साठा २४ तासांत ६.४० वरून ६.५२ झाला तर वाढ ०.१२ टीएमसी, म्हणजे सरासरी १,३८९ क्युसेक. त्याच वेळी खाली ३०० क्युसेक सोडत असतील तर खरा येवा १,६८९. विसर्ग मिळवायचा राहिला की येवा कमी दिसतो.