निकेल खर्चण्याआधी उलटून बघा

अमेरिकेत नव्याने आलात की पहिल्या आठवड्यात एक गोंधळ हमखास होतो. दुकानदार हातावर सुट्टे ठेवतो आणि आपण मोठं नाणं दहा सेंटचं समजतो. प्रकार उलटा आहे. लहान, पातळ डाइम दहा सेंटचा आणि जाडजूड निकेल पाच सेंटचा. डाइम पूर्वी चांदीचा असायचा, त्यामुळे त्याचं आकारमान चांदीच्या हिशेबाने ठरलं. पाच सेंटचंही चांदीचं चिमुकलं नाणं होतं, हाफ डाइम. यादवी युद्धात लोकांनी चांदी दडवली, सुट्टे मिळेनासे झाले आणि १८६६ मध्ये पाच ग्रॅमचा निकेल आला. त्यात तीन भाग तांबं आणि एकच भाग निकेल धातू, पण नाव मात्र निकेलचं.

मला न्यू जर्सीत येऊन चोवीस वर्षं झाली, चिल्लरीचा नाद जवळपास तेवढाच जुना. या नादाला पैसे लागत नाहीत. बँकेत दोन डॉलर देऊन निकेलचा रोल मागायचा, चाळीस नाणी निघतात. हवं ते ठेवायचं, बाकीची खर्चून टाकायची.

बहुतेक सगळ्यांवर राष्ट्राध्यक्ष जेफरसन दिसेल. तो १९३८ पासून आहे, मागे त्याचं मॉन्टिसेलोचं घर. आधी टांकसाळीचं अक्षर शोधायला शिका: डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. फिलाडेल्फियाचं नाणं बराच काळ बिनअक्षरीच असे. १९६४ पर्यंतच्या नाण्यांवर हे अक्षर मागच्या बाजूला, घराच्या उजवीकडे असतं. १९६५ ते ६७ मध्ये ते नव्हतंच. १९६८ पासून ते पुढच्या बाजूला, सालाजवळ आलं.

या सगळ्यात एक अपवाद आहे आणि नवख्याने नेमका तोच शोधावा. १९४२ ते ४५ मध्ये युद्धसामग्रीसाठी निकेल धातू हवा होता, म्हणून नाण्यातून तो काढून ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज घातलं. (आपल्याकडे त्याच युद्धात भोकाचा पैसा आला. आजीच्या डब्यात तुम्हीही पाहिला असेल.) ओळखायला सोपं जावं म्हणून मागच्या बाजूला, मॉन्टिसेलोच्या घुमटाच्या वर चांगलं ठसठशीत अक्षर दिलं. फिलाडेल्फियाचा पी अमेरिकन नाण्यावर पहिल्यांदा आला तो इथेच. १९४२ मध्ये दोन्ही प्रकार निघाले, तेव्हा नुसत्या सालावर जाऊ नका, घुमट बघा. वापरलेलं नाणं मँगनीजमुळे काळपट, मळकट राखाडी दिसतं. चाळीस नाण्यांत ते डोळ्यांत भरतं.

त्यात चांदी १.७५ ग्रॅम. इथे चांदीचा भाव ३१.१ ग्रॅमच्या औंसावर सांगतात. समजा, औंस तीस डॉलरला आहे, तर एका निकेलात साधारण एक डॉलर सत्तर सेंटची चांदी झाली. नाणेवाला त्याहून कमीच देणार, कारण यातली चांदी वेगळी काढायला कटकट फार.

जेफरसनच्या आधीचा, १९१३ ते ३८ चा, बफेलो निकेल. त्या जनावराचा आपल्या म्हशीशी काही संबंध नाही, तो अमेरिकन बायसन. (२००५ मध्येही एका निकेलवर बायसन आला होता. तो पाहून हुरळू नका, त्याच्या पुढे जेफरसनच आहे.) याचं साल नेमक्या उंच भागावर कोरलं, म्हणून आधी तेच झिजतं. साल गेलेला बफेलो डॉलरभराचाही जेमतेम.

मला पहिला बफेलो मिळाला तो गॅरेज सेलमध्ये, साल व्यवस्थित वाचता येणारा. घरी आणून देवघरातली तांब्या-पळी घासतो तसा चिंच-मीठ लावून लख्ख केला. नाण्यांच्या दुकानदाराने भिंगातून क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "धुतलंत?" झालं, निम्मी किंमत तिथेच गेली. जुना रंग उतरला की तो परत येत नाही. नाणं कडांनी धरा, पुसूसुद्धा नका.

बफेलोतला नामांकित तुकडा म्हणजे १९३७ चा डेन्व्हरचा तीन पायांचा. नाणं पाडायचा ठसा टांकसाळीत जास्त घासला गेल्यामुळे पुढचा एक पाय उडाला. साध्या नाण्याचा पाय खरवडून केलेले नकली नगही फिरतात. अस्सलावर पोटाखालून जमिनीकडे उठावदार ठिपक्यांची बारीक ओळ दिसते. असा तुकडा घ्यायचा असेल तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखणाऱ्या कंपन्यांनी तपासून डबीत बंद केलेलाच घ्या.

जुनं म्हणजे महाग, हे डोक्यातून काढा. बफेलोच्याही आधीच्या, लिबर्टीचा चेहरा असलेल्या १८८३ च्या लिबर्टी निकेलवर मागे नुसता रोमन पाच होता, सेंट हा शब्दच नव्हता. लबाडांनी त्याला सोन्याचा मुलामा देऊन पाच डॉलरचं नाणं म्हणून खपवलं. त्याच वर्षी शब्द घातला गेला, पण शब्द नसलेली लोकांनी इतकी जपून ठेवली की आजही तीच स्वस्त आहेत. १९५० च्या डेन्व्हरच्या निकेलची गत तशीच: पाडले फक्त २६ लाख ३० हजार, पण रोलच्या रोल लोकांनी कपाटात ठेवले. उलट १८८५ चा लिबर्टी झिजलेला असला तरी भाव खातो. आणि १९१३ चे लिबर्टी जगाला माहीत आहेत ते पाचच. सहावा तुमच्या रोलमध्ये निघणार नाही.

किमतीसाठी विक्रेत्याने मागितलेला आकडा बघू नका. ईबेवर विकल्या गेलेल्या नाण्यांची यादी वेगळी दिसते, ती बघा आणि आपल्याइतकंच झिजलेलं नाणं शोधा.

साधे निकेल वितळवायला आणि ढिगाने देशाबाहेर न्यायला मनाई आहे. प्रवासात अंगावर पाच डॉलरपर्यंतचे नेता येतात, म्हणजे शंभर नाणी. भाचरांना वाटायला तेवढी रग्गड.